अर्धा निघालेला खेळ

साडेनऊ वाजून गेले तरी बाहेरच्या खोलीतून ‘अननस’ ऐकू आलं नाही, तेव्हा तिच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली. गेले चार महिने सकाळ सुरू व्हायची ती त्या एका शब्दाने. आधी लॅपटॉप उघडल्याचा किर्र आवाज, मग खुर्ची सरकल्याचा, आणि मग त्यातून नवऱ्याचा आवाज. तेहतिसाव्या वर्षीचा, जरासा घाईतला, शेवटच्या अक्षरावर उगीच जोर देणारा. अननस. मग थोडी शांतता, आणि मग पुन्हा त्याचाच आवाज, चोपन्नाव्या वर्षीचा, पायाने पायरी चाचपडावी तसा. अन... अनस. न. अननस. आज पहिला आवाज आलाच नाही. खुर्ची सरकली, थोडी टकटक झाली, बराच वेळ काही नाही, आणि मग खणखणीत, एकही अक्षर इकडचं तिकडे न होता: “च्यायला!”

तिला हसू आलं. शिव्या मेंदूच्या दुसऱ्याच कोपऱ्यातून येतात असं वाचाबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. वाचाबाई म्हणजे मंगळवारी आणि शनिवारी वाचा-उपचारासाठी घरी येणाऱ्या बाई; त्यांचं नाव लांबलचक होतं, त्याला ते जमत नव्हतं, म्हणून तिनेही सोडून दिलं होतं. आकडे, शिव्या, पाठ झालेली गाणी, सवयीची वाक्यं असं सगळं शाबूत राहतं, त्या म्हणाल्या. जातात ते नेमके शब्द, एकेकटे, नेमके हवे असतात तेव्हा. चष्म्याला तो चमचा म्हणायचा, चमच्याला शाळा. अकरा महिन्यांपूर्वी मेंदूला झटका आला तेव्हा, कॉलेजच्या संगणकांच्या यंत्रखोलीत, जिथे त्याने सव्वीस वर्षं काढली, तिथल्या खुर्चीतच त्याचा उजवा हात मांडीवरून घसरला होता आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला तो काहीतरी समजावत राहिला होता, अगदी मनापासून, आणि त्यातलं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. हे तिला नंतर सांगण्यात आलं. ती तेव्हा चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होती, कुणाची तरी भिंगं घासत, यंत्राच्या घरघरीत, फोन पर्समध्ये ठेवून. त्या घरघरीत त्याचे सहा फोन बुडाले. म्हणजे त्याने केलेले नव्हते, कॉलेजातल्या लोकांनी त्याच्या फोनवरून केलेले. पण पडद्यावर नाव त्याचं होतं, आणि ते नाव सहा वेळा पाहताना तिला आधी राग आला होता. काय मेलं इतकं अडलंय, असं.

चहाचे दोन कप घेऊन ती बाहेर आली. तो पडद्याकडे बोट दाखवून तिच्याकडे बघत होता. खेळाची खिडकी उघडून लगेच मिटत होती आणि कोपऱ्यात एक लाल खूण आली होती. तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ती खूण कुठून आली हे तिला कळलं. वाचाबाईंना नवा प्रोग्रॅम बसवायचा होता. तो लॅपटॉपच्या जुन्या प्रणालीवर चालेना, म्हणून काल दुपारी तिने सगळं अद्ययावत करायला लावलं होतं. पासवर्ड त्याने टाकला, डाव्या हाताने, तिच्याकडे पाठ करून. पासवर्ड काय हे तिला कधीच कळलेलं नव्हतं आणि आता तो सांगूही शकत नव्हता, फक्त टाकू शकत होता. मग एक लांबच लांब यादी आली होती. हे येणार, हे बदलणार, हे काढलं जाणार. तिने ती न वाचता हो म्हटलं. तो आत आडवा झाला. तासाभराने तिला दुकानात निघायचं होतं आणि तिचा फोन मेला होता, म्हणून लॅपटॉपची तार काढून तिने तिथे फोन लावला. दहा मिनिटांसाठी. पण त्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावाला होती. पडदा कधी काळा झाला हे तिने पाहिलंही नाही.

“मी केलंय हे,” ती म्हणाली. “काल मधेच बंद पडला. माझ्यामुळे.”

त्याने खांदे उडवले. डावाच उडाला.

खेळ त्याने बनवला होता मुलीसाठी, ती साडेचार वर्षांची असताना. शंभर चित्रं, शंभर शब्द. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू यायचा. आवाज घुमतो म्हणून तो कपड्यांच्या कपाटात बसून बोलला होता, हिवाळ्याचे कोट आणि तिच्या ओढण्यांचे ढीग अंगावर घेऊन, दार ओढून. बाहेर ती मुलीला गप्प ठेवत होती. रविवारची दुपार होती. दर दहा शब्दांनी दार उघडायचं, आतून घामाघूम चेहरा बाहेर यायचा, “पाणी” म्हणायचा आणि परत आत. मुलगी म्हणायची, बाबा कपाटात राहायला गेले का? मुलगी वाढली, दुसऱ्या शहरात गेली, लॅपटॉप चार झाले, पण प्रत्येक नव्या यंत्रावर तो हा खेळ सगळ्यात आधी बसवायचा. कशाला, म्हटलं तर म्हणायचा, यंत्र नीट चालतंय का ते कळतं. चार महिन्यांपूर्वी वाचाबाईंना हा खेळ दिसला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. स्वतःचाच आवाज! याहून चांगलं काय असणार, म्हणाल्या. आणि सकाळचे पंचवीस शब्द सुरू झाले.

त्या पंचवीस शब्दांचं तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. फक्त इतकंच की साडेनऊला ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, हातात फडकं असायचं, आणि डोळे आपोआप मिटायचे. तो आवाज ‘खिडकी’ म्हणायचा, ‘किल्ली’ म्हणायचा, आणि तिला त्या आवाजाची बाकीची वाक्यं ऐकू यायची, कुठेही साठवून न ठेवलेली. जिन्यावरून ओरडून म्हटलेलं “किल्ली विसरलीस गं!” फोनवर कॉलेजातल्या कुणाला तरी, वैतागून, “अहो, वाचा तरी काय लिहिलंय ते. वाचलंत? मग मारा एंटर.” आणि भांडणातलं, अर्धवट तोडलेलं, दार आपटण्याआधीचं. तेसुद्धा. तेसुद्धा तिला हवंहवंसं वाटायचं, आणि मग दुसरा आवाज यायचा, खि... खिडी... आणि ती डोळे उघडायची, आणि उघडताना आत कुठेतरी एक इवलीशी नाराजी असायची, गाणं चालू असताना कुणी दाराची बेल वाजवावी तशी. त्या नाराजीची तिला लाज वाटायची. दिवसभर मग ती त्याच्याशी जरा जास्तच गोड वागायची.

“बस इकडे,” ती म्हणाली आणि दुसरी खुर्ची ओढली. “वाचाबाई बाराला येतील. तोवर बघू.”

फोनवर शोधत, एकेक उत्तर वाचत, चुकीची तीन सोडून चौथं धरत ती, जिथे यंत्राला आज्ञा टाइप करून द्यायच्या, त्या काळ्या खिडकीपर्यंत पोचली. ही खिडकी तिने आयुष्यभर त्याच्या खांद्यावरून पाहिली होती, कधी आत गेली नव्हती. पहिली ओळ सोपी निघाली. काम मधेच तुटलंय, राहिलेलं आधी पुरं करा, असं यंत्र स्वतःच सांगत होतं आणि आज्ञाही तेच देत होतं. तिने ती जशीच्या तशी उतरवली. त्याने पासवर्ड टाकला. आणि ओळी धावायला लागल्या, खालून वर, भराभर, एकेका पॅकेजचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याचं, नाव, मांडलं, झालं, मांडलं, झालं. तो पुढे वाकला होता. त्याचे ओठ हलत होते. ही नावं तो वाचत होता की मोजत होता, तिला कळेना, पण त्याच्या चेहऱ्यावर अकरा महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं, ओळखीच्या बोळातून चालणाऱ्या माणसाचं. मग ओळी थांबल्या. एक राहिलं. त्याचं नाव मुलीचं घरातलं लाडाचं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत. खेळ.

“हे पॅकेज फार वाईट आणि विसंगत अवस्थेत आहे,” तिने शब्द लावत मराठीत मोठ्याने वाचलं. “काढायचं असेल तर आधी पुन्हा बसवा.” ती थांबली. “काढायला आधी बसवा? हे काय नवीनच?”

तो हसला, नाकातून, जुनं हसू. बसवून बघ, असा हात केला.

बसवायला गेली तर पुढची ओळ आली. हे पुन्हा बसवायला हवं, पण त्याचा मूळ संच कुठे सापडत नाही. तिने दुसरा मार्ग धरला, तिथेही तेच. वाचाबाईंचा प्रोग्रॅम तरी आधी बसतो का पाहिलं. नाही, तोही अडवला, आधी त्याचं निस्तरा म्हणून. यंत्रात नोंद राहिलेल्या कालच्या यादीतली काढायच्या गोष्टींची ओळ तिने आत्ता, एक दिवस उशिरा, वाचली. तिथे एकच नाव होतं. नव्या प्रणालीला हा म्हातारा खेळ चालत नव्हता, म्हणून यंत्र तो काढून टाकत होतं, शहाण्यासारखं, तिला विचारून. आणि ती हो म्हणाली होती. आणि तो अर्धा निघालेला असताना तिने तार काढली होती. आता तो धड आत नव्हता, धड बाहेर नव्हता, आणि त्याच्यामुळे सगळ्यांची वाट अडून बसली होती.

तिने मुलीला फोन लावला, आवाज मोठा करून.

“अगं आई, त्याची फाइल लागेल ना,” मुलगी म्हणाली. मागे भांडी वाजत होती. “मूळ फाइल. माझ्याकडे कुठली? बाबांच्या त्या डब्यात होती ना, डिस्कवर. वायरींचा डबा. खालच्या ड्रॉवरमधला.”

तिने काही बोलायच्या आत तो उठला होता. काठी घेतली नाही, भिंतीला धरून कपाटापर्यंत गेला, वाकला, डाव्या हाताने खालचा ड्रॉवर ओढला. आत रबराचे पट्टे होते, हातात दाबायचे चेंडू, गुडघ्याचा पट्टा, मालिशच्या तेलाच्या बाटल्या. तो त्यात हात घालत राहिला, तळापर्यंत.

“भंगारवाल्याला दिला मी तो डबा,” ती त्याच्या पाठीला म्हणाली. “तू दवाखान्यातून यायच्या आदल्या दिवशी. जागा नव्हती रे. हे सगळं कुठे ठेवणार होते? मला वाटलं नुसत्या वायरी आहेत. उघडूनसुद्धा पाहिलं नाही.”

“आई,” मुलगी फोनमधून म्हणाली, “राहू दे. नंतर बोलू.” आणि तिने फोन ठेवला.

 मग तो ड्रॉवर बंद करून, भिंतीला धरून, परत येऊन बसला. ती शिवीची वाट पाहत होती. शिवी आली असती तर बरं झालं असतं. तो पडद्याकडे बघत होता. सबंध कॉलेजचे बॅकअप सव्वीस वर्षं घेणारा माणूस, एक दिवस चुकू न देणारा, आणि घरची एकच प्रत, एका डब्यात, आणि तो डबा हिच्या ताब्यात. तिला दुकानातला एक जुना प्रसंग आठवला, एका गिऱ्हाइकाचं भिंग तिने चुकीच्या कोनात बसवलं होतं, दहा अंशांचा फरक, आणि ते गृहस्थ आठवडाभर जग वाकडं बघत हिंडले होते, चूक आपल्या डोळ्यांचीच आहे असं समजून. तेव्हा ती त्यांच्या घरी माफी मागायला गेली होती. आता कुणाच्या घरी जायचं?

“काढ,” तो म्हणाला.

“काय काढू? चहा?”

“काढ. काढ.” बोट पडद्यावर, मुलीच्या नावावर.

“खेळ काढू? अरे, पण मग आवाज जाईल तुझा! थांब जरा, मी बघते, कुणाला तरी विचारते. कॉलेजात विचारू. असा कसा जाईल?” ती बोलत सुटली होती आणि तिला ते कळत होतं. “मंगळवारपर्यंत थांबू. वाचाबाईंना सांगू, आज नको म्हणून.”

त्याने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. जोराची नाही. “तो,” तो म्हणाला आणि शब्द शोधायला लागला. अशा वेळी शब्द पुरवायचा नाही, वाट बघायची, हे वाचाबाईंनी तिला शंभरदा सांगितलं होतं आणि ती शंभरदा विसरली होती. आज तिच्याकडे पुरवायला शब्दच नव्हता. “तो... तो... शाळा. नाही. तो...” कपाळावर आठ्या. मग एकदम: “शहाणा!”

“कोण?”

त्याने लॅपटॉपकडे हनुवटी केली. “शहाणा तो.” मग छातीवर हात ठेवला. “मी... मी ढ.” आणि मग त्याने एक गोष्ट केली. टेबलावरचं पुसायचं फडकं उचललं, छातीशी धरलं, मान किंचित कलती केली, आणि डोळे मिटले. चेहरा सैल सोडला, ओठ जरासे उघडे, दूरचं काहीतरी ऐकत असल्यासारखा. क्षणभर तिला कळलंच नाही हे काय चाललंय. मग कळलं. ती होती ती. स्वयंपाकघराच्या दारातली, साडेनऊची. आणि पुढे त्याने एक डोळा उघडला, आणि चेहऱ्यावर ती इवलीशी नाराजी आणली, अगदी हुबेहूब.

चार महिने. चार महिने हा माणूस रोज सकाळी खुर्चीत बसून पंचवीस शब्दांशी झटत होता, आणि पडद्याच्या काळ्या काठात, मागच्या दारात उभी असलेली बायको बघत होता, जी दुसऱ्या कुणाचं तरी ऐकतेय. आणि तो दुसरा, कपाटात बसलेला, तेहतीस वर्षांचा, एकदाही न चुकणारा, न थकणारा, त्याला रोज पंचवीस वेळा दाखवून देत होता, बघ, हे असं म्हणायचं असतं. तिने तोंडावर हात ठेवला. माफ कर म्हणायला गेली आणि त्याऐवजी हसू फुटलं, नाकातोंडातून, आवरेना, कारण नक्कल खरोखरच अफाट होती, लग्नाआधी प्राध्यापकांची करायचा तशी, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि चष्मा धुरकटला. तोही हसत होता, एका बाजूने. त्याने हातातलं फडकं तिच्यापुढे धरलं. तिने त्यानेच चष्मा पुसला, जे ती दुकानात कुणाला करू देत नसे.

“इतके दिवस बोलला का नाहीस?” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ऐकून पुन्हा हसायला लागली.

“हात्तिच्या,” तो म्हणाला.

काढायचं ठरलं तरी ते सोपं नव्हतं. जबरदस्तीने काढायची एक आज्ञा होती, खाली तीन जणांनी सावधगिरीच्या सूचना लिहिल्या होत्या. त्याआधी तिने खेळाच्या फोल्डरमध्ये डोकावून पाहिलं, काय उरलंय म्हणून. यंत्राने यादीच्या शेवटाकडून काढायला सुरुवात केली होती. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने शेवटचे सगळे गेले होते. पहिल्या तेवीस शब्दांचे आवाज तेवढे राहिले होते, अननस, अंगठी, बदक, बशी. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला विचारवत नव्हतं.

“ठेव,” तो म्हणाला, मोठ्या मनाने, मुलाला गोष्टीचं जुनं पुस्तक ठेवू द्यावं तसा. तिने ते तेवीस दुसरीकडे उतरवून घेतले. एकही वाजवून पाहिला नाही. फोल्डरला नाव काय द्यावं ते सुचेना, तेव्हा नुसता आजचा दिवस आणि महिना टाकला.

मग ती आज्ञा लिहायला बसली. लांब होती, मधे मधे आडव्या रेघा असलेली, आणि तिने लिहून झाल्यावर बोट एंटरकडे नेलं तोच तो म्हणाला, “थांब.” त्याचं बोट पडद्यावर एका जागी टेकलं. तिला काही दिसेना. फोनवरच्या ओळीशी तिने अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, भिंगावरची खूण पाहते तसं, आणि सापडलं. दोन रेघांच्या जागी एकच पडली होती. तिने दुरुस्त केलं. त्याने पुन्हा सबंध ओळ वाचली, डावीकडून उजवीकडे, सावकाश, ओठ हलवत, आणि मग मागे टेकून बसला.

“मार एंटर,” तो म्हणाला.

अगदी सहज, पूर्वी फोनवर कॉलेजातल्यांना सांगायचा तसं. पण तिने डोळे मिटले नाहीत. त्याच्याकडे बघतच बटण दाबलं. यंत्राने एकदा बजावलं की हे तुम्ही जबरदस्तीने करताय, आणि मग खेळ काढला. दोन सेकंद लागले असतील. कपाटातली सबंध दुपार दोन सेकंदांत. मग तिने अडलेलं काम पुन्हा लावलं, ओळी पुन्हा धावल्या, या वेळी न थांबता, आणि शेवटी नुसताच लुकलुकणारा ठिपका राहिला. कुठे काही तक्रार नाही. नवा प्रोग्रॅम पाच मिनिटांत बसला. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल; त्याऐवजी सपाटून भूक लागली. दोघांनी गार झालेला चहा आणि डब्यातली बिस्किटं संपवली.

वाचाबाई बाराला पाच कमी असताना आल्या. झालेलं सगळं त्यांना उभ्याउभ्याच सांगितलं गेलं. तिने अर्धं सांगितलं, त्याने हातवारे करून अर्धं. नक्कल मात्र त्याने त्यांच्यासमोर केली नाही. बाई हळहळल्या. तो आवाज फार छान होता हो, म्हणाल्या. मग नवा प्रोग्रॅम उघडून त्यांनी दाखवलं की यात चित्रं आहेत पण आवाज नाहीत, ते आपणच भरायचे, घरातल्या माणसाने. “लेकीला सांगा, तिकडून रेकॉर्ड करून पाठवेल. नाहीतर मी म्हणते.”

तो डाव्या हाताने तिच्याकडे बोट करून बसला होता.

“मी?” ती म्हणाली. “काहीतरीच काय. माझा आवाज कसा घोगरा आहे. दिवसभर यंत्राच्या वर ओरडून गिऱ्हाइकांशी बोलते मी.”

बोट हललं नाही.

वाचाबाईंनी माइक तिच्यासमोर सरकवला. पडद्यावर पहिलं चित्र आलं, मडकं. तिने घसा साफ केला, पदर नसलेल्या खांद्यावरून उगीच हात फिरवला, आणि शाळेत धडा वाचावा तसं म्हणाली, “मडकं.” त्याच क्षणी खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला.

“परत,” तो म्हणाला.

वाचाबाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. हा शब्द त्यांच्या कुठल्याच यादीत नव्हता. तिने मात्र पाहिलं नाही, ती पडद्याकडे बघत होती, कान लाल झालेले. ती पुन्हा म्हणाली. या वेळी फार हळू झालं.

“परत.”

आवाज वैतागलेला होता, घाईचा, शेवटच्या अक्षरावर जोर देणारा. ती बारा वेळा ‘मडकं’ म्हणाली. तेराव्या वेळी त्याने मान डोलावली आणि पुढचं चित्र लावायची खूण केली.